गावनकाशात कूळ शोधताना

घराण्याचा इतिहास लिहायला बसलेली माणसं आधी नावांच्या मागे लागतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, कोल्हापूर-सांगलीकडे सुगीनंतर दारी येणाऱ्या हेळव्यांच्या चोपड्या, भाटांनी तोंडपाठ ठेवलेल्या पिढ्या आणि काही घराण्यांनी छापून घेतलेले कुलवृत्तान्त एवढं चाळलं की आठ-दहा पिढ्यांची नावं सहज जमतात. पण त्या नावांना जागा नसते. पणजोबांच्या बांधाला कोणाचा बांध होता, तीन भावांपैकी एकच गावठाण सोडून माळावर का राहायला गेला, मोटेची विहीर कोणाच्या वाट्याला आली, हे वंशावळ सांगत नाही. ते जमिनीच्या मोजणीच्या कागदांत आहे. म्हणून ज्याचं कूळ खेड्यातलं आहे, त्याने वंशावळीच्या आधी गावचा जुना नकाशा मिळवावा असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे नकाशाची आठवण होते ती बांधाचं भांडण तालुक्याला पोचल्यावर. भांडण मिटलं की, किंवा न मिटता पिढीजात झालं की, कागद पुन्हा ट्रंकेत जातो. इतिहासाचं साधन म्हणून तो क्वचितच उघडला जातो. याला एक कारण असं की गावनकाशावर माणसांची नावं नसतात, नुसते आकडे असतात. त्या आकड्यांना जोडलेले इतर कागद शेजारी मांडले, तर त्यातून कूळ दिसायला लागतं.

इंग्रजी मोजणीच्या आधी आपल्या खेड्यांत जमिनीचं वर्णन रेषांपेक्षा शब्दांत व्हायचं. देशावर गावची काळी थळांमध्ये वाटलेली असे आणि थळाला बहुधा ती जमीन मूळ कसणाऱ्या कुळाचं नाव असे. कर्नल साइक्स यांनी 1830 च्या दशकात दख्खनच्या जमीनधारणेवर लिहिताना ही पद्धत नोंदवली आहे. कूळ नष्ट झालं किंवा परागंदा झालं, तर ती जमीन गतकुळी म्हणून लिहिली जाई, पण थळाचं नाव पुष्कळदा तेच राही. कुळाचा शोध घेणाऱ्याला याहून मोलाची गोष्ट कोणती? गावात ज्या आडनावाचं आज एकही घर नाही, त्या आडनावाची जमीन कागदावर अजून आहे. थळझाडा, जमीनझाडा अशा नावांचे हे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत. ते मोडीत आहेत, आणि मोडी वाचणारा माणूस सोबत असल्याशिवाय तिथे काही हाती लागत नाही. पुण्याजवळच्या लोणी गावाचा डॉ. थॉमस कोट्स यांनी लिहिलेला वृत्तान्त 1823 मध्ये छापला गेला. आपल्या पूर्वजांचं गाव त्या काळी कसं असेल याचा अंदाज बांधायला तो अजून उपयोगी पडतो.

त्याच काळातला दुसरा कागद म्हणजे शिवेच्या भांडणाचा महजर, गोतसभेच्या निवाड्याचा लेख. भांडण लागलं की गोतसभा बसे आणि साक्षीपुरावा होई. त्याने भागलं नाही, तर कोणाला तरी दिव्य करून शीव चालून दाखवावी लागे. महजरात ओढा, वड, खळी, म्हसोबा, तिठा अशा खुणांवरून शीव सांगितलेली असते. खाली पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारांचीही नावं आणि निशाण्या असतात: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. ज्यांच्या नावे एक गुंठाही नव्हता, अशा घरांचा जुन्यात जुना पुरावा कित्येकदा या कागदाच्या तळाशी सापडतो.

रेषांचा नकाशा आला तो महसूल मोजणीबरोबर. 1820 च्या दशकात पुणे जिल्ह्यात प्रिंगल यांनी केलेली मोजणी फसली. आकारणी इतकी चुकली की गावं ओस पडू लागली. मग 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केलं. पुढे 1847 च्या संयुक्त अहवालात त्या पद्धतीचे नियम बांधले गेले आणि तीच मुंबई इलाख्याची सर्व्हे पद्धत ठरली. आपले सर्व्हे नंबर तिथून आले.

या पद्धतीतली एक बाब कुळाचा शोध घेणाऱ्याने आधीच समजून घेतली पाहिजे. सर्व्हे नंबरचा आकार ठरवताना एका बैलजोडीने किती जमीन नांगरून होते याचा विचार होई. त्याहून लहान तुकडे एकत्र करून एकच नंबर पडे. म्हणजे एका नंबरात दोन-तीन घरांची शेतं असू शकतात, आणि मोठ्या खातेदाराच्या सलग शेताचे चार नंबर झालेले असू शकतात. नंबर म्हणजे आपलं घर, असं धरून चालणाऱ्यांची गाडी इथेच रुळावरून घसरते. शिवाय आकारणीची हमी साधारण 30 वर्षांची होती. ती संपल्यावर फेरमोजणी झाली, आणि बऱ्याच गावांत तेव्हा नंबरही बदलले. जुन्या खरेदीखतातला 42 नंबर आणि आजोबांच्या काळातला 42 नंबर हे एकच शेत असेल, असं गृहीत धरता येत नाही.

बहुतेक जुने गावनकाशे मैलाला 8 इंच, म्हणजे इंचाला 20 साखळ्या या प्रमाणात काढलेले आहेत. साखळी 33 फुटांची आणि तिचे आणे 16. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. हा हिशेब डोक्यात असला की नकाशावर पट्टी ठेवून शेताची लांबी-रुंदी काढता येते. विहिरी, ओढे, गाडीवाटा, देवळं, मोठी झाडं, गायरान आणि मधोमध गावठाण एवढं त्यावर दिसतं. वाटांकडे नीट लक्ष द्यावं. आज डांबरी रस्त्यामुळे ज्या गावाकडे आपली पाठ झाली आहे, जुनी गाडीवाट नेमकी त्याच गावाला जात असते. आजी त्या गावची का होती, याचं उत्तर तिथे मिळून जातं. सोयरिकी बैलगाडीच्या पल्ल्यात होत असत.

गावनकाशापेक्षाही मला टिपण जास्त जवळचं वाटतं. एका सर्व्हे नंबरचा हा एक चतकोर कागद असतो. मधून एक सरळ रेघ जाते आणि तिच्यावर सुरुवातीपासूनची अंतरं साखळी-आण्यांत लिहिलेली असतात. त्या रेघेपासून डावी-उजवीकडे काटकोनात शंकू टाकलेले, प्रत्येक शंकूच्या टोकाला शेताचा एक कोपरा आणि कोपऱ्यावर दगडाची खूण. कडेने लगतचे नंबर. हे चित्र प्रमाणात काढलेलं नसतं, त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते कोणीतरी घाईत खरडल्यासारखं वाटतं. खरं तर शेतात प्रत्यक्ष साखळी ओढणाऱ्याने जागेवर लिहिलेला तो कागद आहे. आकडे मोडीत असतात, पण मोडी अंक दोन-तीन दिवसांत वाचता येऊ लागतात. टिपण हातात धरून बांधावर चालत गेलं आणि घाणेरीच्या जाळीत अर्धा पुरलेला दगड कागदावरच्या ठिकाणीच सापडला, की घरातली शाळकरी मुलंही पुढच्या दगडाकडे पळत सुटतात.

प्रत्यक्ष शोध मात्र उलट्या दिशेने, आजपासून मागे जावा लागतो. समजा, तुमच्या सातबाऱ्यावर गट नंबर 118 आहे. गट हे 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याचं अपत्य. त्या कायद्याखाली पुढची काही दशकं गावोगाव योजना राबवल्या गेल्या आणि जुने सर्व्हे नंबर व हिस्से जाऊन गट आले. म्हणून पहिला कागद एकत्रीकरणाचा उतारा, ज्यात 118 गट कोणत्या सर्व्हे नंबरच्या कोणत्या हिश्श्यांचा झाला ते कळतं. समजा, तो 42 मधल्या दुसऱ्या हिश्श्याचा निघाला. मग 42 चं फाळणी बारा काढायचं. पोटहिस्से कसे पडले, ते या कागदावर मोजून दाखवलेलं असतं. हिस्से लांबट पट्ट्यांचे आणि सारख्या रुंदीचे असतील, तर ती बहुधा भावांची वाटणी. एखादा तुकडा कोपऱ्यात वेडावाकडा तोडलेला असेल, तर तो विकलेला किंवा देणगी दिलेला असण्याची शक्यता जास्त. हा अंदाज आहे, पण पुढे काय शोधायचं ते तो सांगतो. आकारफोड पत्रकातून हिश्श्याचा सारा मिळतो. 1903 च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, आणि त्या सुरुवातीच्या काळातलं कडईपत्रक किंवा त्यानंतरचे फेरफार मिळाले, की आकड्यांच्या जागी माणसं येतात. अमुक मयत, वारस अमुक, अज्ञान पालनकर्ती आई अमुक.

फेरफारांची वर्षंही बोलकी असतात. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनाच्या आसपास नाव बदललं असेल, तर कुळकायद्याने कसणारा मालक झाला, हे उघड आहे. दोन घरांतल्या अबोल्याचं कारणही कधीकधी तिथेच असतं. त्याच्याही मागे, 1875 मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध उठाव झाला त्या काळातली पुणे-नगरकडची खतं पाहिली, तर शेत गहाण, मग खरेदी आणि जुना मालक त्याच शेतात खंडाने कसणारं कूळ, अशी साखळी दिसते. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते आणि मला ती खतातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ वाटते. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस ओढा. आपल्या घराची नोंद हरवली असली तरी चार शेजाऱ्यांच्या चतुःसीमांतून आपला पणजोबा सापडू शकतो. म्हणून फक्त आपल्या नंबराची नक्कल मागून थांबू नये, लगतच्या सगळ्या नंबरांची मागावी.

ही वाट देशावरची झाली. कोकणात भाताची खाचरं इतकी लहान आणि हिस्सेदार इतके की एका सातबाऱ्यावर चाळीस नावं हे नवल नाही. तिथे वाडी धरून शोध घ्यावा लागतो, आणि 1949 च्या कायद्याने खोती जाईपर्यंतची कित्येक कुळांची हकिगत खोताच्या दप्तरात अडकलेली आहे. मराठवाड्यात निजामी राजवटीचे कागद उर्दूत आहेत. जहागिरीच्या गावांचे आणि खालसा गावांचे कागद सारखे नसतात आणि 1950 च्या दशकातलं खासरा पत्रक हा बहुतेकांना मिळणारा पहिला भक्कम टप्पा असतो. 2023 मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. त्यानंतर मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना गावोगावहून बोलावणी आली. कुणबी दाखल्याच्या निमित्ताने का होईना, हजारो घरांनी कोतवाल बुकातलं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतलं, आपल्या पूर्वजाचं नाव तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पूर्व विदर्भाची गोष्ट वेगळी आहे आणि त्यावर थोडं थांबायला हवं. नागपूर-भंडाऱ्याकडे मालगुजारी होती, म्हणजे गावचा सारा मालगुजार गोळा करून भरत असे. तिथे सर्व्हे नंबरऐवजी खसरा, आणि त्याच्या जोडीला निस्तारपत्रक. जळण कुठून आणायचं, गुरं कुठे चारायची, कोणत्या तळ्याचं पाणी कोणी घ्यायचं, असे गावचे वहिवाटीचे हक्क त्यात लिहिलेले आहेत. भंडारा-गोंदिया-चंद्रपूर पट्ट्यात कोहळी समाजाने बांधलेल्या तळ्यांची मोठी परंपरा आहे. मालगुजारी गेल्यावर ती माजी मालगुजारी तलाव, म्हणून लोकांच्या तोंडी मामा तलाव झाली. जुन्या नकाशावर तळ्याची पाळ, तिच्याखालची धानाची बांधी आणि पाटाचा माग दिसतो. आज गाळाने भरलेल्या, अर्ध्या बुजलेल्या बोडीच्या जागी नकाशावर मोठं तळं दिसलं, तर आपल्या घराण्याने एकेकाळी किती माणसं कामाला लावून ती पाळ उभी केली असेल, याची कल्पना येते. सातबाऱ्याइतकंच निस्तारपत्रकही घराण्याच्या इतिहासाचं साधन मानायला हवं. ज्यांना जमीन नव्हती, त्यांचे हक्क तिथे आहेत.

गोव्यात गावकारीची, म्हणजे मूळ कुळांनी मिळून गाव सांभाळण्याची रीत. गावकार कोण, त्यांचे वांगड म्हणजे कुळं कोणती, हे कोमुनिदाद या त्यांच्या संस्थेच्या कागदांत असतं. 1526 चं फोराल हा त्या व्यवस्थेचा पोर्तुगीज अमलातला पहिला मोठा लेख. त्या काळचे कागद पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. मुक्तीनंतरच्या मोजणीतून आलेला एक-चौदाचा उतारा, म्हणजे तिथला सातबारा, अलीकडचा आहे. मागे जायचं तर पोर्तुगीज वाचणारा गाठावाच लागतो.

पाण्याखाली गेलेल्या गावांच्या माणसांना जुना नकाशा जितका लागतो तितका कोणालाच लागत नसेल. ज्या इंदापूर तालुक्यात नव्या मोजणीची पहिली साखळी पडली, त्याच तालुक्यातली भीमाकाठची गावं 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणात बुडाली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि विस्थापित घरांतली माणसं मुलाबाळांना घेऊन तिथे जातात. देऊळ दिसतं, पण वेस कुठे होती, आपलं घर देवळापासून कोणत्या अंगाला होतं, मळीची जमीन कुठे सुरू व्हायची, हे गावनकाशाशिवाय नातवंडांना दाखवता येत नाही. कोयनेचं खोरं धरणाच्या शिवसागर जलाशयात गेलं आणि तिथली माणसं रायगड, सांगली, सोलापूरकडे पांगली. मुळशीची कहाणी तर धरणाविरुद्धच्या 1921 च्या सत्याग्रहापासूनची. अशा गावांसाठी मोठ्या प्रदेशाचे नकाशेही उपयोगी पडतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या इंची शीटवर वाड्यावस्त्यांसह गावं दिसतात. अमेरिकी सैन्याने 1950 च्या दशकात छापलेले अडीच लाखांत एक या प्रमाणाचे भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. ते कोयना आणि उजनीच्या आधीचे आहेत. त्यात शेत दिसणार नाही, पण नदीच्या कोणत्या वळणावर गाव होतं ते दिसतं.

परदेशातल्या मराठी माणसांनाही याच नकाशांकडे यावं लागतं. मॉरिशसच्या मराठी घरांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात करारावर गेले. त्यांच्या आगमनाच्या नोंदी तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. नोंदीत गावाचं नाव असतं, पण कारकुनाने कानावर पडेल तसं इंग्रजीत उतरवलेलं. आपल्याकडे एकाच जिल्ह्यात वडगाव किती, आणि त्यांत बुद्रुक किती, खुर्द किती! तालुक्याच्या जुन्या नकाशावर लगतच्या गावांची नावं जुळवून पाहिल्याशिवाय खरं वडगाव ठरत नाही. कोकणातल्या बेने इस्रायली (ज्यू) कुटुंबांना मात्र आडनावच वाट दाखवतं. किहीमचे केहिमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर. इस्रायलहून येणारी त्यांची नातवंडं अलिबागजवळच्या नवगावच्या जुन्या दफनभूमीत डोकं टेकवतात आणि मग आपल्या गावातली पूर्वजांच्या तेलघाण्याची जागा विचारत फिरतात. ती जागा दाखवणारी म्हातारी माणसं आता थोडीच उरली आहेत.

या सगळ्या साधनांत एक मोठी उणीव आहे, आणि ती झाकून चालणार नाही. सरकारने सारा गोळा करण्यासाठी नकाशे काढले, त्यामुळे सारा भरणाऱ्याचीच त्यांनी दखल घेतली. बायका विधवा किंवा पालनकर्ती झाल्यावरच कागदावर येतात. लेकीला चोळीबांगडीसाठी दिलेला तुकडा बहुधा भावाच्याच नावावर राहिलेला असतो आणि त्याची ओळख फक्त बोलण्यात टिकते. भूमिहीनांची घरं गावठाणात होती, आणि बहुतेक खेड्यांत गावठाण घराघराने मोजलंच गेलं नव्हतं. नकाशावर तिथे नुसती एक रिकामी आकृती आहे. ड्रोनने गावठाण मोजण्याचं काम पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात प्रयोग म्हणून झालं, मग 2020 पासून स्वामित्व योजनेत देशभर सुरू झालं. ते चांगलंच आहे. पण त्यातून आजची घरं कळतील, शंभर वर्षांपूर्वीची नाही.

तरीही दलित घरांचा माग जुन्या नकाशांत लागतो. हाडकी-हाडवळा म्हणून ओळखली जाणारी महार वतनाची जमीन नंबरासह नोंदलेली आहे. वतन आणि त्याबरोबरची वेठ मोडावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतनं 1958 च्या कायद्याने गेली. त्या जमिनींचं त्यानंतर काय झालं, हे फेरफारांत वाचता येतं, आणि ते वाचणं कित्येक गावांत आजही अस्वस्थ करणारं आहे. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. तो योग्यच होता. अपमान करणारं नाव पाटीवर कशाला हवं? फक्त जुन्या नावाचा नकाशा अभिलेखात जपला जावा. गावकुसाबाहेर आपल्या माणसांना कुठे ठेवलं होतं, पाणवठा किती लांब होता, हे त्यांच्या नातवंडांना पुराव्यानिशी सांगता आलं पाहिजे.

नकला मिळवण्याची सोय पूर्वीपेक्षा बरी झाली आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात टिपण, फाळणी, गावनकाशा यांची, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जुन्या फेरफारांची नक्कल मागता येते. स्कॅन झालेले जुने कागद ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर आहेत, आजचे गट नकाशेही घरबसल्या दिसतात. पण स्कॅन झालं म्हणून मूळ कागदाकडे दुर्लक्ष होऊ नये. घडीवर झिजलेल्या टिपणातले फिकट मोडी अंक पडद्यावर उमटत नाहीत, मूळ कागद उजेडात तिरका धरला तर वाचता येतात. अशा कागदांना कसर लागू न देण्यासाठी खर्च करणं हे सरकारचं काम आहे, आणि त्याचा आग्रह इतिहासाच्या अभ्यासकांपेक्षा गावांनी धरला तर तो लवकर ऐकला जाईल.

याहून घाईचं एक काम आहे आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. शेतांची नावं नकाशावर नाहीत. बारवेचा तुकडा, आंबराई, म्हातारीची पट्टी, भुताचा माळ ही नावं सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडी आहेत, आणि त्यांतली काही नावं दोनशे वर्षांपूर्वीच्या थळांपर्यंत पोचत असतील. गावनकाशाची मोठी झेरॉक्स काढावी, गावातल्या चार जाणत्या माणसांना पारावर बसवावं आणि नंबराशेजारी पेन्सिलीने नाव लिहीत जावं. त्या चौघांत दोन बायका हव्यातच. खुरपायला, भांगलायला, भाकरी घेऊन जायला त्याच गावभर फिरल्या, त्यामुळे दुसऱ्यांच्या शेतांची नावं त्यांना पुरुषांपेक्षा जास्त ठाऊक असतात. एकाच शेताला दोन नावं निघाली, तर दोन्ही लिहावी, कोणी सांगितलं तेही लिहावं. एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत ठेवावी.